मालवाहू विमानाचा हिशेब

घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, अंधेरी या भागांतल्या शाळांत शिकवणाऱ्यांना एक सवय आपोआप लागते. वाक्य अर्धे झालेले असते, डोक्यावरून विमान जाते, आपण थांबतो आणि आवाज विरला की वाक्य पूर्ण करतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही. ही विमाने बहुतेक प्रवासी असतात. पण कधीतरी सांताक्रूझ-सहारच्या त्याच विमानतळावर अगदी वेगळ्या घडणीचे विमान उतरते. २ एप्रिल २०१५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास उतरलेले विमान असेच होते. ते भारतीय हवाई दलाचे सी-१७ ग्लोबमास्टर जातीचे मालवाहू विमान होते आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जिबूतीहून आले होते. मात्र त्यात माल नव्हता. सुमारे १९० माणसे होती.

येमेनमध्ये तेव्हा युद्ध पेटले होते. एडनच्या विमानतळावर उतरणे शक्य नव्हते, म्हणून नौदलाच्या 'सुमित्रा' या नौकेने एडन बंदरातून साडेतीनशेच्या आसपास भारतीयांना उचलून समुद्रापलीकडे जिबूतीला नेले. तिथून हवाई दलाच्या दोन सी-१७ विमानांनी त्यांना मायदेशी आणले. एक विमान कोचीला गेले, दुसरे मुंबईला आले. या मोहिमेचे नाव होते 'राहत'.

यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल सोडून निघालेल्या अमेरिकी हवाई दलाच्या एका सी-१७ मध्ये ८२३ माणसे होती. त्यांत १८३ लहान मुले होती. विमान तेच, बनावट तीच, इंजिने तीच. मग एकात १९० आणि दुसऱ्यात ८२३ हे कसे? विमानाची खरी क्षमता किती म्हणायची?

हा प्रश्न आम्ही दहावी-अकरावीच्या मुलांपुढे टाकून पाहिला आहे. बहुतेक मुले लगेच म्हणतात, "पहिल्या विमानात जागा वाया घालवली." काही सावध मुले म्हणतात, "दुसऱ्यात जास्त भरली." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. मालवाहू विमानाची क्षमता एका आकड्यात सांगता येत नाही. ती का सांगता येत नाही हे समजायला नववी-दहावीच्या पलीकडचे गणित लागत नाही, आणि म्हणूनच हा विषय आम्हाला वर्गासाठी फार उपयोगी वाटतो.

तीन आकड्यांची बेरीज

फळ्यावर तीन आकडे लिहावेत. रिकाम्या सी-१७ चे वजन सुमारे १२८ टन. त्यात जास्तीत जास्त माल भरता येतो ७७.५ टन. इंधनाच्या टाक्यांत सुमारे १,३४,५०० लिटर इंधन मावते. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे रॉकेलच. त्याच्या एका लिटरचे वजन साधारण ०.८ किलो धरले, तर पूर्ण भरलेल्या टाक्यांतील इंधन सुमारे १०८ टन होते. आता मुलांना बेरीज करायला सांगावी. उत्तर येईल ३१३.५ टन. त्यानंतर चौथा आकडा सांगावा. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे एकूण वजन २६५ टनांपेक्षा जास्त असता कामा नये.

जवळजवळ ४८ टनांचा फरक पडतो. याचा अर्थ पूर्ण माल आणि पूर्ण इंधन ही दोन्ही एकाच वेळी नेताच येत नाहीत. माल पूर्ण भरला तर इंधनासाठी २६५ मधून १२८ आणि ७७.५ वजा जाता ५९.५ टन उरतात. टाक्या पूर्ण भरल्या तर मालासाठी उरतात फक्त २९ टन. ट्रकवाल्याला हा पेच पडत नाही. त्याच्या टाकीतले डिझेल दोन-अडीचशे किलोचे आणि माठीमागे माल दहा टनांचा, त्यामुळे डिझेलचे वजन त्याने हिशेबात धरले नाही तरी चालते. विमानात मात्र इंधन हेच सर्वांत मोठे ओझे असू शकते.

पूर्ण माल घेतलेले सी-१७ वाटेत इंधन न घेता सुमारे ४४०० किलोमीटर जाऊ शकते. ५९.५ टनांना ४४०० ने भागले की दर किलोमीटरला साधारण साडेतेरा किलो इंधन असा ढोबळ आकडा मिळतो. राखीव इंधनही यातच आले. जिबूती ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३३०० किलोमीटर आहे. म्हणजे इंधनाच्या दृष्टीने पाहिले तर त्या रात्री विमान पूर्ण ७७.५ टन ओझे घेऊनही मुंबईला पोहोचू शकले असते. आता १९० माणसांचे वजन काढू. सामानासह प्रत्येकी १०० किलो धरले तरी १९ टन. वजनाच्या बाजूने विमान तीन-चतुर्थांश रिकामेच होते!

मग अडले कुठे? अडले ते आसनांवर. सी-१७ च्या दोन्ही भिंतींना घडीची आसने असतात आणि मधल्या जमिनीवर आसनांच्या रांगा बसवलेले तराफे सरकवून पक्के करता येतात. अशी आसने मांडली की साधारण १९० जणांची सोय होते. प्रत्येकाला पट्टा मिळतो. समुद्रावरचा प्रवास असल्याने प्रत्येकासाठी तरंगण्याचे जाकीट हवे. विमानातील हवेचा दाब अचानक घटला तर प्रत्येकाला श्वसनासाठी प्राणवायू मिळायला हवा. काबूलच्या उड्डाणात यातले फारसे काही नव्हते. माणसे जमिनीवर खेटून बसली होती. काबूलहून कतारपर्यंतचे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, आणि ८२३ जणांचे वजन सरसकट ७५ किलो धरले तरी ६२ टनांच्या आत. वजनाचा हिशेब बसत होता. इतर बाबतींत जो धोका होता, तो खाली उभ्या असलेल्या धोक्यापेक्षा कमी आहे असे वैमानिकांनी ठरवले. आमच्या मते दोन्ही आकडे बरोबर होते, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न वेगळा होता.

याची तिसरी तऱ्हाही आहे. २७ फेब्रुवारी २०२० रोजी हवाई दलाचे सी-१७ चीनमधील वूहानहून ११२ जणांना घेऊन परतले. जाताना त्याने मास्क, हातमोजे आणि इतर वैद्यकीय साहित्य नेले होते, सुमारे १५ टन. या विमानाच्या पोटातली जागा अंदाजे ५९० घनमीटर आहे. ५९० ला ७७.५ ने भागले तर एका टनाच्या वाट्याला साडेसात घनमीटरांहून थोडी जास्त जागा येते. म्हणजे ज्या मालाचे एक घनमीटराचे वजन १३० किलोपेक्षा कमी, त्या मालाच्या बाबतीत जागा आधी संपते, वजनाची मर्यादा नंतर येते. खोक्यांत भरलेले कापडी मास्क हे असे सामान. उलट तोफगोळे किंवा लोखंडी सुटे भाग भरायचे झाले तर जमीन अर्धीही व्यापण्याआधी वजन पूर्ण होते. घनतेचा धडा शिकवताना पाण्यात तरंगणारे लाकूड आपण नेहमीच सांगतो. एखाद्या वर्षी हे उदाहरण घेऊन पाहावे.

पंख उचलतात, हवा असेल तितकेच

सी-१७ ला चार जेट इंजिने असतात. प्रत्येकाचा रेटा साधारण १८० किलोन्यूटन, चारींचा मिळून ७२०. पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन मात्र २६५ टन, म्हणजे सुमारे २६०० किलोन्यूटन. इंजिनांचा एकूण रेटा वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे. 'इंजिने विमानाला वर उचलतात' हा गैरसमज पुसायला एवढी तुलना पुरते. इंजिने विमानाला फक्त पुढे ढकलतात. उचलण्याचे काम पंख करतात, आणि ते हवेला खाली ढकलून करतात.

पंखावरचे हे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या आणि हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. वेग वैमानिकाच्या हातात आहे, घनता नाही. हवा तापली की विरळ होते. प्रमाणित १५ अंश सेल्सिअसऐवजी तापमान ३५ अंश असेल तर निरपेक्ष तापमान २८८ वरून ३०८ होते आणि घनता साडेसहा टक्क्यांनी घटते. तेवढेच वजन उचलायचे तर वेगाचा वर्ग सात टक्क्यांनी वाढला पाहिजे. शिवाय विरळ हवेत इंजिनेही कमी रेटा देतात, त्यामुळे तो वाढीव वेग गाठायला आणखी लांब धाव घ्यावी लागते. धावपट्टी तर आहे तेवढीच राहते. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे ओझे कमी करायचे. एखादे विमान पहाटे जितका माल घेऊन निघू शकते, तितका ते मे महिन्याच्या दुपारी नेऊ शकेलच असे नाही.

काबूलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १७९० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमधल्या ३० अंशांच्या तापमानात तिथली हवा प्रमाणित हवेच्या पाऊणपटीएवढीच घन असते. लेह तर त्याहून दीड हजार मीटर वर, म्हणूनच तिथली विमाने सकाळीच आपली कामे उरकतात.

धावपट्टी कशी आहे?

आपल्या उपनगरांना धावपट्टीचे महत्त्व सांगायला नको. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जुहूचे मैदान समुद्राकाठच्या सखल जमिनीवर होते. पावसाळ्यात तिथे चिखल होई आणि टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. पुढे दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला. त्याच जागेवर आजचा मोठा विमानतळ उभा आहे. लष्करी मालवाहू विमानाला मात्र अशी ओळखीची, लांब आणि पक्की धावपट्टी मिळेलच याची खात्री नसते.

३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री हा प्रश्न फार गंभीर झाला होता. मालदीवमध्ये त्या दिवशी पहाटे बंडखोरांनी राजधानी मालेवर हल्ला केला आणि राष्ट्राध्यक्ष अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. सायंकाळी आग्र्याहून हवाई दलाची दोन आयएल-७६ विमाने छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघाली. आघाडीच्या विमानाचे सारथ्य ४४ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर करत होते. आग्रा ते माले हे अंतर अडीच हजार किलोमीटरांहून जास्त आहे. उतरायचे होते हुलुले या बेटावर. तिथे बेट म्हणजेच धावपट्टी, दोन्ही टोकांना आणि दोन्ही अंगांना समुद्र. ती बंडखोरांच्या ताब्यात आहे की नाही, तिच्यावर अडथळे टाकले आहेत की नाही, हे निघताना पक्के ठाऊक नव्हते. विमानतळ सुरक्षित असल्याची खूण म्हणून एक सांकेतिक शब्द ठरला होता. तो शब्द ऐकू आला, धावपट्टीचे दिवे थोडा वेळ लागले आणि विमाने अंधारात उतरली. बेट ताब्यात घेऊन सैनिक होड्यांनी मालेला गेले. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष सुरक्षित हाती आले.

वैमानिकांच्या धैर्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हाला इथे विमानाच्या घडणीकडे लक्ष वेधायचे आहे. आयएल-७६ ला वीस चाके असतात, नाकाखाली चार आणि पोटाखाली सोळा. त्याचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १९० टन, म्हणजे चाकामागे साडेनऊ टन. चाके जितकी जास्त तितका जमिनीवरचा दाब कमी आणि तितकी कच्ची धावपट्टी चालते. उंट वाळूत का रुतत नाही हा सहावीतला प्रश्न तो हाच. पंख पाठीवर असतात, त्यामुळे इंजिने जमिनीपासून उंच राहतात आणि खडे-माती आत ओढली जाण्याचा धोका घटतो. पोट जमिनीलगत येते, मागचा दरवाजा उतरणीसारखा खाली टेकतो आणि जीपगाड्या आपल्या चाकांवरच बाहेर पडतात. परक्या बेटावर यारी कोण आणून देणार? सी-१७ यापुढे एक पाऊल जाते. इंजिनांचा झोत उलटा फिरवून ते जमिनीवर चक्क मागे सरकू शकते. तो झोत वर आणि पुढे फेकला जातो, त्यामुळे इंजिने चालू असतानाच माणसे मागून चढू-उतरू शकतात.

पट्टी, पेन्सिल आणि नाणी

माल किती याइतकाच माल कुठे हाही प्रश्न असतो. यासाठी आम्ही वर्गात एक साधा प्रयोग करतो. तीस सेंटिमीटरची पट्टी पेन्सिलवर समतोल ठेवावी. एका बाजूला टोकाजवळ एक नाणे ठेवले तर दुसऱ्या बाजूला निम्म्या अंतरावर दोन नाणी लागतात. मग मुलांना सांगावे की पेन्सिल म्हणजे पंख आणि पट्टी म्हणजे विमानाचे पोट. माल चढवणे म्हणजे परिबलांची बेरीज करत जाणे.

सी-१७ मध्ये दोन वैमानिकांखेरीज एक लोडमास्टर असतो. प्रत्येक नग कुठे ठेवायचा, त्याचे परिबल किती, सगळे मिळून गुरुत्वमध्य कुठे येतो, हा हिशेब त्याचा. समजा इंधनासह विमानाचे वजन २०० टन आहे आणि पाच टनांची एक गाडी दहा मीटर मागे सरकली. पन्नास भागिले दोनशे, म्हणजे संपूर्ण विमानाचा गुरुत्वमध्य पाव मीटर मागे गेला. पाव मीटर ऐकायला थोडे वाटते. पण गुरुत्वमध्य मागे-पुढे होण्याची मुभा ५३ मीटर लांबीच्या या विमानातही अगदी थोडी असते. तो फार मागे गेला तर नाक वर उचलले जाते आणि शेपटीच्या पृष्ठभागांना ते खाली आणता येत नाही.

म्हणून माल नुसता ठेवून चालत नाही, बांधावा लागतो. लष्करी वाहतुकीत सर्वसाधारणपणे असे धरतात की जोराच्या धक्क्यात माल आपल्या वजनाच्या तिप्पट बलाने पुढे झेपावेल. अठरा टनांच्या गाडीसाठी हे ५४ टन झाले. साडेचार टन ताण सोसणाऱ्या साखळ्या सरळ ओढून लावल्या तर बारा पुरतील. पण साखळी गाडीपासून जमिनीतल्या कडीपर्यंत तिरकी जाते. ४५ अंशांचा कोन असेल तर पुढच्या दिशेने तिचे साडेचार गुणिले ०.७, म्हणजे सव्वातीन टनांच्या आतच बळ कामी येते, आणि साखळ्या लागतात सतरा. त्रिकोणमितीचा उपयोग काय असे विचारणाऱ्या मुलांसाठी हे उदाहरण राखून ठेवावे.

हा हिशेब चुकला की काय होते ते २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथे दिसले. लष्करासाठी बारा ते अठरा टनांची पाच चिलखती वाहने नेणारे एक बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाण करताच नाक वर करून कोसळले. त्यातले सातही जण मरण पावले. तपासात आढळले की बांधणी पुरेशी नव्हती. निदान एक वाहन सुटून मागे गेले आणि त्याने विमानाच्या शेपटीकडची यंत्रणाच मोडली. नाक खाली आणण्याचे साधनच वैमानिकांच्या हातून गेले.

प्राणवायूचे टँकर रिकामेच का गेले?

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात रुग्णालयांना प्राणवायू कमी पडू लागला, तेव्हा अनेकांनी एक प्रश्न विचारला होता. हवाई दलाची एवढी मोठी विमाने आहेत, मग भरलेले टँकर विमानाने का आणत नाहीत? २४ एप्रिलला सी-१७ ने सिंगापूरहून चार टाक्या पश्चिम बंगालमधील पानागढला आणल्या, त्याही रिकाम्या होत्या. लोकांना तो सरकारी घोळ वाटला. वस्तुतः त्यामागे भौतिकशास्त्र होते.

द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. टाकी कितीही चांगली असली तरी बाहेरची थोडी उष्णता आत शिरतेच आणि द्रवाचा काही भाग सतत वायू होत राहतो. एका लिटर द्रवाचा साध्या तापमानाला सुमारे ८६० लिटर वायू होतो. तो बाहेर सोडला नाही तर टाकीतला दाब वाढतो. रस्त्यावरचा टँकर तो उघड्या हवेत सोडतो. विमानाच्या बंद पोटात तो सोडला तर तिथल्या हवेतले प्राणवायूचे प्रमाण वाढते, आणि अशा हवेत तेलाचा डाग किंवा एखादी ठिणगी भयंकर आग लावू शकते. विमान वर जाताना आतला दाबही घटतो, त्यामुळे वायू सुटण्याला आणखी वाव मिळतो. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीतला द्रव हिंदकळतो आणि गुरुत्वमध्य जागच्या जागी राहत नाही.

म्हणून वाटणी अशी झाली की रिकामे टँकर विमानाने न्यायचे आणि भरलेले रेल्वेने किंवा रस्त्याने आणायचे. यात परतीचा वेळ वाचत नाही, पण जाण्याचा वाचतो. रेल्वेचाही स्वतःचा हिशेब होताच. १९ एप्रिलला कळंबोलीहून विशाखापट्टणमला सात रिकामे टँकर घेऊन पहिली प्राणवायू गाडी निघाली. वाघिणीवर चढवलेल्या टँकरची उंची घाटातल्या बोगद्यांतून जाऊ देत नव्हती, म्हणून ती वसई, सुरत, भुसावळ असा लांबचा फेरा घेऊन गेली. आमच्या उपनगरांतल्या अनेक घरांनी त्या आठवड्यात प्राणवायूसाठी फोनवर फोन केले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना लिटरमागे ८६० हा आकडा नुसता पाठ करण्याचा वाटणार नाही.

जमिनीवरची माणसे

दूरदेशी गेलेले प्रवासी विमान बिघडले तर तिथल्या एखाद्या कंपनीचे तंत्रज्ञ सहसा मिळतात. लष्करी विमानाला हा भरवसा नसतो. ते शक्यतो आपले तंत्रज्ञ, आपली हत्यारे, एखादे जादा चाक आणि लागणारे सुटे भाग बरोबर घेऊनच निघते. हेही ओझेच, आणि वरच्या बेरजेत तेही धरावे लागते.

या कामाची शिस्त बाहेरच्याला जाचक वाटेल. प्रत्येक पान्याची जागा ठरलेली असते आणि काम संपल्यावर हत्यारे मोजली जातात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. इंजिनाच्या तोंडाशी राहिलेला एखादा बोल्ट आत ओढला गेला तर पात्यांचा चुरा होतो. समुद्रकाठी खारी हवा धातूला खाते. वाळवंटात वाळू पात्यांची धार घासते. झालेल्या प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद होते, खाली सही होते, आणि सही नसेल तर वैमानिक विमान ताब्यात घेत नाही.

परदेशी विमानतळावर आणखी एक खोडा असतो तो एककांचा. इंधन भरणारा लिटरमध्ये किंवा गॅलनमध्ये मोजतो, आणि विमानाला हवे असते वजन. इंधन तापले की पसरते. तीस अंशांच्या फरकाने त्याच्या एका लिटरचे वजन तीनेक टक्क्यांनी बदलते, म्हणून नुसते लिटर सांगून भागत नाही. १९८३ च्या जुलैमध्ये कॅनडात एका नव्या बोइंग ७६७ चे इंधन मोजताना लिटरचे किलो करण्याऐवजी पौंड केले गेले आणि तोच आकडा किलो समजला गेला. विमानात हवे त्याच्या निम्मेही इंधन नव्हते. दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते विमान तरंगत आणून एका जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. मुलांनी उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर अर्धा गुण कापावा, या मताचे आम्ही तेव्हापासून झालो आहोत.

दुरुस्ती करणारा जमिनीवर राहतो आणि धोका वैमानिकाचा, असेही एक चित्र आपल्या मनात असते. ते पुरते खरे नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर विमानाची चाचणी घेतात, आणि त्या उड्डाणात तंत्रज्ञही बसू शकतात. २८ जून २०१८ रोजी जुहूहून निघालेले एक लहान विमान अशाच चाचणीच्या वेळी घाटकोपर पश्चिमेला भर वस्तीत कोसळले. दोन वैमानिकांबरोबर दुरुस्ती विभागातले दोघे त्यात होते. ते चौघे गेले आणि रस्त्यावरचा एक पादचारीही गेला. ते विमान लष्करी नव्हते आणि मालवाहूही नव्हते, पण दुरुस्ती करणाऱ्यांचा जीवही पणाला लागतो ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

त्याच वर्षी, त्याआधी दोन महिने, एका जुन्या मालवाहू विमानाने इंग्लंड ते भारत हा प्रवास केला होता. ते होते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेले डकोटा. याच जातीच्या विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक उतरवले होते. २०११ मध्ये आयर्लंडमध्ये भंगारात निघालेले हे विमान विकत घेऊन इंग्लंडमध्ये पुन्हा उडते केले गेले आणि खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. विमानाला 'परशुराम' हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक मिळाला. डकोटाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरांहून थोडा जास्त, माल जेमतेम पावणेतीन टन. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाऊन वादळ टाळता येत नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी ते कॉव्हेन्ट्रीहून निघाले. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान अशा टप्प्यांनी, दर टप्प्याला उतरत, इंधन घेत आणि यंत्रे तपासत ते २५ एप्रिलला जामनगरला पोहोचले. हलके ओझे घेतलेले सी-१७ हेच अंतर वाटेत न थांबता कापू शकते. मुलांना हवे तर वरच्या साडेतेरा किलोच्या आकड्यावरून त्याला किती इंधन लागेल ते काढायला सांगावे. कॉव्हेन्ट्री ते जामनगर हे सरळ अंतर नकाशावर दोऱ्याने मोजता येते.